सोनबांचा आवाज

घशाच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या नम्रताच्या कानावर शेजारच्या बाकावरचे बोलणे पडत होते. गळ्याला पट्टी बांधलेले सोनबा गप्प होते. बोलत होत्या त्यांची पत्नी मथुराबाई आणि नात ऋतिका.

"आजी, आजोबा रिक्षावर भोंगा लावून जाहिराती करायचे ना? त्या कॅसेटवरून मोबाइल त्यांचा आवाज शिकलाय. आपण लिहायचं, तो बोलतो. धायरीच्या साडीवाल्याला ह्याच आवाजात रील हवंय."

"डॉक्टर म्हनले आवाज कायमचा गेला, आन् तुझा मोबाइल शिकला व्हय?"

"ऐक तर."

मोबाइल खणखणीत बोलला, "मथुरा, साड्यांचा महासेल लागलाय!"

"आगं बया! आवाज त्यांचाच की! पर हे त्यांचं बोलनं न्हाई."

"का गं?"

"पन्नास वर्सांत माझं नाव घेतलंय का त्यांनी?"

सोनबांनी हात पुढे करून मोबाइल घेतला आणि एका बोटाने बराच वेळ काहीतरी लिहिले.

मोबाइल त्यांच्या आवाजात बोलला, "अगं ए, चहा पिऊन ये. सकाळपासून उपाशी हायेस."

"तुम्ही गप बसा. नंबर लागल्याबिगर मी हलायची न्हाई."