आई, तुम्ही बसा

...आणि बसायचं म्हणजे तरी किती बसायचं माणसानं? तुम्हाला सांगते, मुलानं मला साता समुद्रापार आणलं, पहिल्याच सकाळी मी झाडू उचलला, तर सून धावत आली. "अहो आई, तुम्ही बसा!" पोरगी गुणाची हो, नावं ठेवायला जागा नाही. पण जात्यावर दळलं, डोईवर हंडे वाहिले, म्हशीमागे रान तुडवलं, असलं माझं बूड सोफ्यावर टेकायचं कसं? भांडी घासू? तुम्ही बसा. खाली जाऊन भाजी आणू? ती दारात येते, तुम्ही बसा!

बरं, बसलेल्या माणसाचं तोंड रिकामं ठेवायचं नाही, हा या घरचा नियम. मऊ पांढरा पाव आला, बिस्किटं आली, खोक्यातला रस आला. मुलगा म्हणायचा, "आई, आम्हाला भरवून तू करपलेलं खाल्लंस, आता तू खा." त्याचे डोळे भरून यायचे... मग नाही कसं म्हणायचं, सांगा? लहानपणी घरात पाहुणा आला तरच त्याला साखर दिसायची, म्हणून माझ्या चहात तो स्वतः तीन-तीन चमचे घालायचा.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, शुगर फार वाढलीय. जाडंभरडं धान्य खा, पालेभाजी खा, रोज चाला." म्हटलं, बाई, तेच तर सगळं सोडून आले की मी! तिथून घरी चालत निघाले, तर मुलगा म्हणतो, "थांब आई, गाडी आणतो, तू बस." सुनेनं रंगीत पाकिटातून जाडं पीठ आणलं, असलं पीठ आम्ही म्हशीला घालायचो. पण तोवर उशीर झाला होता. नवा मऊ बूट लागला, पाय बधिर, मला कळलंच नाही. जखम चिघळली... आणि डावं पाऊल काढलं हो त्यांनी. रानात काटे मोडून कधी कुरकुरलं नाही, ते गालिच्यावर गेलं. काळीज तुटतं माझं. आपल्या पायांनी गावी परतायचं होतं मला.

काल मुलगा वॉकर घेऊन समोर उभा. "आई, ऊठ ना गं." उठवेना. तर हा एवढा मोठा घोडा रडायलाच लागला. "मीच बसवलं तुला," म्हणाला. आता आईनं काय करायचं? पलंगावर जरा सरकले, जागा केली.

म्हटलं, "किती दमलास रे. ये, तू बस."