हळदीकुंकवातली सही

(नेदरलँड्समधलं एक छोटं शहर, मार्च २००६. खेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या सभागृहाबाहेरचं कॉफीचं मशीन. आत सभा चालू आहे.)

चित्रा: हात सोडा, सुनेत्राताई. मला आत जायचंय.

सुनेत्रा: जाशील गं. आधी काय बोलणार आहेस ते सांग. नागरिकांना पाच मिनिटं देतात म्हणून काय वाटेल ते बोलायचं?

चित्रा: माझी सही काढून घेणार आहे.

सुनेत्रा: एक काढलीस की बाकीच्या सतरा सह्यांवरही बोट ठेवतील. अख्खी यादी रद्द होईल. आणि त्या यादीत माझं नाव पहिलं आहे.

चित्रा: पहिलं असणारच. कागद तुम्हीच आणलात. कुंकू लावलंत, तिळगूळ हातावर ठेवलात, वाण दिलंत आणि म्हणालात, जाता जाता इथे सही कर गं, केबलचे दर वाढवतायत त्याच्याविरुद्ध आणि हिंदी चॅनलसाठी अर्ज आहे.

सुनेत्रा: होताच. पहिल्या पानावर.

चित्रा: आणि दुसऱ्या पानावर?

सुनेत्रा: हळू बोल.

चित्रा: कशाला? आत कोणाला मराठी कळतंय? दुसऱ्या पानावर होतं की आमच्या रस्त्याचं यान डेक्करस्ट्रात हे नाव काढून टेक्नोलोखीलान, म्हणजे तंत्रज्ञान मार्ग, ठेवायला आम्हा रहिवाशांची संमती आहे. दोन अर्ज आणि खाली सही एकच. तुम्हाला माहीत होतं.

सुनेत्रा: होतं. मग? तो नगरसेवक म्हणाला, नव्या ऑफिस-पार्कला शोभेल असं नाव हवंय, त्याला सह्या मिळवून द्या, केबलचं मी बघतो. इथे तरी कोण फुकट काही करतं? आणि रस्त्याच्या नावानं कोणाचं काय जातं? तीन वर्षांनी आपण कुठे असू, देव जाणे.

चित्रा: माझ्या शेजारच्या मीप आजींचं जातं. यान त्यांचा थोरला भाऊ. बर्फ फुटून कालव्यात पडलेल्या दोन पोरांना त्यानं वर ढकललं आणि स्वतः खालीच राहिला. सतरा वर्षांचा होता. पाटीवर बारीक अक्षरात लिहिलंय. त्याच खांबाला रोज सायकल लावता तुम्ही.

सुनेत्रा: मला डच येत नाही. तुला येतं ना? मग सही करायच्या आधी वाचायचंस.

चित्रा: वाचायला हवं होतं. पण हळदीकुंकवाला गेलेली बाई यजमानीणबाईंनी पुढे केलेला कागद वाचत बसते का? अविश्वास दाखवल्यासारखं वाटलं असतं. ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तो दिवस धरलात.

सुनेत्रा: माझ्या सासूबाई सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत एकट्या असतात, चित्रा. परवा फ्रिजशी बोलताना सापडल्या मला. घरमालक डिश लावू देत नाही. केबलवर एक हिंदी चॅनल आला असता, तर घरात माणसांचे आवाज तरी आले असते. तुझ्या मीप आजीला पडलीये का त्यांची?

चित्रा: आल्या होत्या की दोनदा, केक घेऊन. त्यात अंडं असेल म्हणून तुम्ही दारातूनच परत पाठवलंत.

सुनेत्रा: सोवळं आहे त्यांचं. मी काय करणार?

चित्रा: केक ठेवायचा नाही. आजींना आत घ्यायचं.

सुनेत्रा: तू मला शिकवू नकोस. चुकली असशील तर शेजारीच राहतात, जाऊन माफी माग. ते भरसभेत कशाला?

चित्रा: दार उघडत नाहीत. संहिताच्या जन्माच्या वेळी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या, विराज एंडहोव्हनला होता, तेव्हा याच बाईनं किल्लीनं दार उघडून मला हॉस्पिटलात नेलं. आमची जादा किल्ली सहा वर्षं त्यांच्याकडे असायची. सोमवारी ती परत आली. मधे एक भिंत आहे, पण तिकीट लावून, पोस्टानं. पाकिटावर पत्ता काय होता, माहितीये? टेक्नोलोखीलान, चोवीस.

सुनेत्रा: म्हातारी माणसं मनाला लावून घेतात.

चित्रा: आत पहिल्या रांगेत बसल्यात. इथे तरी त्यांना माझं ऐकावं लागेल.

(सुनेत्राचा नवरा दिलीप सभागृहातून बाहेर येतो.)

दिलीप: अगं सुनेत्रा, तू इथे आहेस होय? केबलचं झालं.

सुनेत्रा: काय झालं?

दिलीप: दरवाढ मंजूर. हिंदी चॅनलचा विषयसुद्धा निघाला नाही.

सुनेत्रा: आणि तो आपला नगरसेवक?

दिलीप: त्यानंच पहिला हात वर केला.

चित्रा: घ्या तिळगूळ.

सुनेत्रा: तोंड आवर, चित्रा.

दिलीप: भांडू नका. आता रस्त्याचा विषय आहे. चित्रा, तुझं नाव पुकारतील, पण जपून बोल हं. विराजची कंपनी त्याच पार्कमध्ये यायचीये. आणि तुमचं परमिट जूनमध्ये संपतंय ना?

चित्रा: ही धमकी आहे का, दिलीपदादा?

दिलीप: शेजारधर्म म्हणून सांगतोय.

चित्रा: तो मला चांगला ठाऊक झालाय आता.

सुनेत्रा: हे बघ, माझं ऐक. सोपं आहे. सांग की आम्हाला भाषा येत नाही, काय लिहिलंय ते कळलं नाही. सही निघेल, कोणाचं नाव यायला नको आणि कंपनीलाही राग नाही. आपल्याबद्दल सगळ्यांना तसंच वाटतं. म्हातारीही विरघळेल.

चित्रा: त्या?

सुनेत्रा: का नाही?

चित्रा: दर बुधवारी, सलग दोन वर्षं, स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता त्यांनी माझ्याकडून पेपर वाचून घेतलाय. शब्द अडला की सुरी खाली ठेवायच्या आणि मी तो नीट म्हणेपर्यंत उचलायच्या नाहीत.

दिलीप: पुकारलं बघ तुझं नाव.

सुनेत्रा: चित्रा, थांब. काय सांगणार आहेस त्यांना?

चित्रा: मला वाचता येत होतं, एवढंच.