बाईंच्या डब्यातले आवाज

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर बसलेले आपल्या रुग्णालयाचे मुख्य शल्यचिकित्सक, सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना निरोप देताना सगळ्यांचीच जीभ जड झाली आहे त्या वाचा-उपचार विभागाच्या आपल्या बाई, त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे यजमान, माझे सहकारी, आणि उजवीकडच्या तीन रांगांत बसलेली, बाईंकडे उपचार घेतलेली सगळी मंडळी,

सर्वांना माझा नमस्कार. मी यंत्रदुरुस्ती विभागातला माणूस. हातात पेचकस असला की मला धीर असतो; माईक आला की जातो. आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या शिस्तीबद्दल आणि मायेबद्दल इतकं सुंदर सांगितलं, की माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही. म्हणून मी एका डब्याबद्दल बोलणार आहे. अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहिलं, माझं लक्ष आहे. आवरतं घेतो.

घशाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही जणांचा आवाज कायमचा जातो, हे इथे कोणाला सांगायला नको. पण त्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बाई काय करायच्या, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या रुग्णाला आपल्या खोलीत बसवायच्या, दार लावायच्या आणि त्याच्याकडून एक पान वाचून घ्यायच्या. पान त्यांनीच लिहिलेलं. विषय काय, तर टेबलफॅन कसा पुसावा! भाषेतले सगळे उच्चार त्यात येतात म्हणे. ते वाचन त्या ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या. एकशे चाळीस माणसांचे आवाज, फॅन पुसण्याची कृती सांगणारे.

विभागाचा संगणक दर तीन वर्षांनी बदलायचा आणि जुना पुसला जायचा. म्हणून बाईंनी प्रत्येकाची लेखी परवानगी घेऊन ते आवाज स्वतःच्या घरी, एका साठवणीच्या डब्यात ठेवले. पुस्तकाएवढा डबा, आत दोन डिस्क, घरातल्या इंटरनेटला जोडलेला. अकरा वर्षं तो फ्रिजवर गुमान बसून होता.

मग गेल्या वर्षी आपले घड्याळजी बाईंकडे आले. हे पाहा, हात वर केलाय त्यांनी. त्यांच्या घशाच्या शस्त्रक्रियेला आठ वर्षं झाली होती. त्यांनी वहीत लिहिलं, "माझा आवाज एकदा ऐकायचाय. मला आता तो आठवत नाही."

बाईंनी घरी जाऊन डबा उघडायला घेतला, तर डबा म्हणतो, आधी कंपनीकडे नाव नोंदवून आत या. आणि कंपनी कुठाय? बंद पडलेली! डबा धडधाकट, डिस्क धडधाकट, आवाज आत. आणि दाराची किल्ली अशा माणसाकडे जो दुकान गुंडाळून निघून गेला. मला सांगा, आपण विकत घेतलेली वस्तू आपली नसेल, तर मग आपलं काय असतं? मी अजूनही त्या कंपनीचा विचार केला की माझं डोकं तापतं.

बाईंनी मला बोलावलं. मी मोठ्या तोऱ्यात गेलो. या डब्याच्या पोटात कंपनीने बसवलेला जो मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो काढून त्याजागी जगभरच्या हौशी लोकांनी लिहिलेला, कोणालाही उघडून पाहता येईल असा मोफत प्रोग्रॅम घालता येतो. मी म्हटलं, "बाई, दोन रविवारचं काम."

पाच महिने लागले.

पहिल्या रविवारी डब्याचे स्क्रू निघेनात. दुसऱ्या रविवारी निघाले, तर आतल्या पट्टीवर ज्या चार टोकांना तारा जोडायच्या, ती टोकंच कंपनीने कापून ठेवलेली. ती डाग देऊन बसवली. तिसऱ्या रविवारी नवा प्रोग्रॅम घातला आणि डबा मेला. नुसता पिवळा दिवा लुकलुकतोय. नंतर कळलं, एकाच नावाचे, एकाच रंगाचे दोन वेगळे डबे कंपनीने बाजारात आणले होते, आणि फरक काय तो आतल्या एका अक्षरात. बाहेर लिहायला शाई संपली होती का?

इंटरनेटवर एकाला नेमका हाच त्रास झाला होता. सोळा पानं तो रडला होता. मी एकेक ओळ वाचली. शेवटचा संदेश सात वर्षांपूर्वीचा: "जमलं! सर्वांचे आभार." अरे बाबा, पण कसं जमलं? ते सांगायला तुझं काय जात होतं?

बाईंचे यजमान दर रविवारी जेवणाच्या टेबलाकडे एक नजर टाकत. टेबल माझ्या तारांनी भरलेलं, ते बिचारे ताट मांडीवर घेऊन जेवायचे. एकदा म्हणाले, "अहो, हा बोलत नाही तर याला तुमच्या विभागात भरती करून घ्या." बाई हसल्या. मला हसू आलं नाही. मी तेव्हा इतका चिडलेलो होतो, की घरी बायकोही माझ्याशी जपून बोलायची.

शेवटी डबा जिवंत झाला. पडद्यावर पांढरी अक्षरं धावली, नवा प्रोग्रॅम उभा राहिला आणि त्याने विचारलं, "डिस्क तयार करू का?" बाई माझ्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "आधी दोन्ही डिस्कची नक्कल काढून ठेवायची का रे?"

मी म्हणालो, "बाई, हे माझं काम आहे."

आणि 'हो'वर बोट दाबलं.

'तयार करणं' म्हणजे पुसणं, हे मला तीन-चार सेकंदांनी कळलं. मी वायर उपटली. पण त्या तेवढ्या सेकंदांत दुसऱ्या डिस्कचा सुरुवातीचा भाग गेला होता.

मग मी नको तेव्हा शहाणा झालो. नक्कल काढली, एकेक फाईल सोडवली. एकशे एकतीस आवाज परत आले. घड्याळजींचा आला. त्यांनी कानाला यंत्र लावून तो ऐकला, दोनदा ऐकला, आणि वहीत लिहिलं, "मी इतका भरभर बोलायचो?" त्यांच्या बायकोने वाचून मान डोलावली. "मी तेव्हाही सांगत होते," म्हणाली.

नऊ आवाज आले नाहीत.

मी बाईंना म्हटलं, कोणी मागितलेच नाहीत तर कशाला सांगायचं? बाई त्या नऊही घरी गेल्या. फोन करून सांगण्यासारखं नव्हतंच. पलीकडच्या माणसाने उत्तर कसं द्यायचं? तीन आठवडे, सुट्टीच्या दिवशी, दोन-दोन बस बदलून. एका घरी त्यांना दारातूनच परत जावं लागलं. एका घरी तासभर कोणी काही लिहिलंच नाही, बाई समोर बसून राहिल्या.

हे मला बाईंनी सांगितलं नाही. त्या नऊ जणांतल्या गणिताच्या शिक्षिका माझ्या खिडकीवर आल्या, गळ्याला लावून बोलायचं यंत्र दुरुस्तीला घेऊन. ते यंत्र लावून, त्या गुणगुणत्या आवाजात मला म्हणाल्या, "बाईंच्या हातून असं कसं झालं हो? इतक्या नीटनेटक्या त्या."

बाईंच्या हातून!

मी त्यांची बॅटरी बदलली आणि म्हणालो, "बघा, आता नीट चालतंय."

एवढंच म्हणालो. सात महिने झाले.

त्याच दिवशी मी बाईंच्या खोलीत गेलो. "तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?" त्या फाईल लावत होत्या. म्हणाल्या, "त्यांनी आवाज माझ्या स्वाधीन केला होता, तुझ्या नाही. आणि यंत्र बिघडलं की त्यांना तुझ्याकडेच यायचंय. तुझ्यावरचा भरवसा गेला तर ती माणसं जाणार कुठे?"

मला राग आला. डब्यावर आला होता, कंपनीवर आला होता, त्याहून जास्त बाईंवर आला. कोणी आपला दोष असा परस्पर उचलून नेला, की आपल्याला रागावायलाही जागा उरत नाही.

मंडळी, बाई उद्यापासून इथे नसतील. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर हा एकच डाग आहे, आणि तो त्यांचा नाही. ते बोट माझं होतं. नक्कल काढ, असं त्यांनी सुचवलं होतं आणि मी ऐकलं नाही. बाई, मान हलवू नका. आज माईक माझ्याकडे आहे.

संयोजकांनी मला बोलू दिलं, अध्यक्ष महोदयांनी वेळेकडे काणाडोळा केला, यजमानांनी पाच महिने मांडीवर ताट घेतलं, त्यांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात कुठे पाल्हाळ झाला असेल, मानपानात कोणाचा उल्लेख राहिला असेल, तर सभागृहाने मला सांभाळून घ्यावं.

पण त्या एका 'हो'ची क्षमा मी सभागृहाकडे मागत नाही. ती उजवीकडे बसलेल्या आणि आज न आलेल्या मिळून नऊ जणांकडे मागतो, आणि ती मिळेलच असं धरून चालत नाही. हे भाषण संपलं की मी व्यासपीठावर परत जाणार नाही, तुमच्या रांगेपाशी येऊन उभा राहणार आहे. ज्यांना जे लिहायचं असेल ते लिहा. मी वाचेन.