दोन कड्या

मारोतराव : त्या दिवशी याच टेबलापाशी तुमी सांगतलं, "बाबा, सुंदरबाई गेल्या." अन् आज इचारता, कोण पायजे?

साधना सिस्टर : ओळखलं हो बाबा. पण हा बायकांचा वॉर्ड आहे. पेचकस घेऊन कुठे चाललात?

मारोतराव : संडासाच्या दाराले कडी लावाले. करडी गावाहून आणली. हे पाहा, दोन हायेत.

साधना सिस्टर : आम्ही ऑफिसात सांगितलं आहे. मिस्त्री येणार आहे.

मारोतराव : माही बायको या खाटेवर होती, तवा बी तो येऊनच राहिला होता.

साधना सिस्टर : साहेब पाहतील तर ओरडतील.

मारोतराव : ओरडू द्या. माहं आता काय नेतात?

साधना सिस्टर : बाबा, कडी नाही म्हणून कोणी मरत नाही. त्यांच्या किडन्या गेल्या होत्या.

मारोतराव : कायनं गेल्या? उलटी-हगवण घेऊन आली. तुमी म्हनलं, पाणी पाजा. मी गिलास धरला का ते तोंड फिरवे. म्हने, पाणी पेलं का जा लागते, अन् त्या दाराले कडी नाही. सिस्टर, आमच्या म्हशीच्या गोठ्याले कडी हाय!

साधना सिस्टर : तेव्हाच सांगायचं ना मला.

मारोतराव : बाईमाणसाची गोष्ट मी कोणाले सांगू? तुमी रोज इचारा, "लघवी होते का?" ते मुंडी हालवे. कोणी मोजून पाहिली?

साधना सिस्टर : नाही मोजली. मोजायला पाहिजे होती. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांना कळलं. मग नळी टाकली, सलाईन मोजून दिली, किडनीला बाधणारी ती गुडघेदुखीची गोळी बंद केली. आणि बऱ्या झाल्याच होत्या न त्या!

मारोतराव : झाली होती. धानाच्या रोवण्यात वावराच्या धुऱ्यावर बसून साऱ्या बायांवर हुकूम सोडे.

साधना सिस्टर : मग पुन्हा तपासायला का नाही आल्या? बरं वाटलं तरी किडनीवर नजर ठेवा लागते. मी स्वतः समजावलं होतं.

मारोतराव : आली होती.

साधना सिस्टर : नाही आल्या, बाबा.

मारोतराव : माह्यासंग आली होती! खाली तपासणीच्या खिडकीवर डबी देली तिले. म्हने, लघवी आणा. तिथल्या संडासाच्या दारापर्यंत गेली अन् रिकामी डबी घेऊन वापस आली. "चला घरी, मी बरी हावो." मंग गुडघे दुखले, पुन्हा तेच गोळी. पाय सुजले, तवा तुमच्याकडं आणलं.

साधना सिस्टर : हे मला माहीतच नव्हतं.

उर्वशी (शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून) : सिस्टर, लावू द्या न बाबाले. मी आत्याबाईले नेतो तं एका हातानं त्याहिले धरतो अन् एका हातानं दार.

साधना सिस्टर : तू मधात नको बोलू, उर्वशी. सासू पाणी पिते ना?

उर्वशी : कुठं पेतात? म्हनतात, तहान नाही.

साधना सिस्टर : लघवीला कधी गेल्या?

उर्वशी : काल... सांजच्याले. आज नाही गेल्या.

साधना सिस्टर : आणि आता सांगून राहिली?

उर्वशी : तुमी त्याहिले इचारलं. मले कुठं इचारलं?

साधना सिस्टर : थांब. रक्त आताच पाठवते, डॉक्टरांना बोलावते. हे मोजायचं भांडं घे. लघवी यातच धरायची, फेकायची नाही, मला दाखवायची. घरून कोणती गोळी आणली असेल तर तीही दाखव.

मारोतराव : अन् मी?

साधना सिस्टर : उर्वशी, आत कोणी बाई आहे का पाहा, आणि दारात उभी राहा. जा बाबा. साहेबांशी मी बोलते.

मारोतराव : ...बसली कडी. पाहा बरं आतून लावून, पोरी.

उर्वशी : लागली, बाबा! पक्की लागली.

साधना सिस्टर : झालं ना मनासारखं? आता बसा, चहा सांगते. ती दुसरी ठेवून जा इथेच.

मारोतराव : चहा नको. खाली तपासणीतल्या दाराले लावाची राहिली हाय.