गच्चीवरची ऑनलाइन मीटिंग

अरे, कोरोना गेला, पण आमच्या शाळेचे अध्यक्ष भाऊसाहेब काही मोबाइलमधून बाहेर येत नव्हते. त्यायनं ठरवलं, पुढच्या वर्षीपासून वरचे वर्ग कायमचे ऑनलाइन. त्या ठरावाची मीटिंगही ऑनलाइनच.

गावात रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर. मी हेडमास्तर, वर गेलो तं भाऊसाहेब अन् शाळा समितीचे पाचही सभासद शेजारी शेजारी उभे राहून आपापल्या मोबाइलमध्ये बोंबलत होते.

चहा घेऊन आलेल्या शिपाई शांताबाईनं इचारलं, "हे काय करून राह्यले तुमी?"

"शाळा ऑनलाइन करून राह्यलो," भाऊसाहेब म्हणे. "पोरं आता घरूनच शिकतीन."

"घरी रेंज असती, तं तुमी कायले इथं चढले असते?"

भाऊसाहेबायनं मोबाइल खिशात टाकला अन् मले म्हणे, "ल्याहा सर, शाळा शाळेतच भरणार."