चार मिनिटांत मंजूर

...नाही, पण मला एक सांगा, चार मिनिटांत कोण कोणाला हो म्हणतं? अर्ज सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांनी पाठवला आणि सव्वादहाला उत्तर हजर, ‘अभिनंदन! तुमचं क्रेडिट कार्ड मंजूर झालं आहे.’ मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, मग हातातल्या घड्याळात पाहिलं, मग हिला म्हटलं, तुझ्या फोनमध्ये किती वाजलेत बघ. तिन्हीकडे सव्वादहा! म्हणजे पळवाट नाही. चारच मिनिटं. तुम्हाला सांगतो, मला संशयच आला.

आता तुम्ही म्हणाल, आनंदाची गोष्ट आहे, संशय कशाला? अहो, एकतीस वर्षं मी नळजोडणीच्या कार्यालयात काढलीत, छाननीच्या टेबलावर. माणसाला घरात पाणी हवं असलं की त्याचा अर्ज पहिला माझ्यासमोर यायचा. आणि मी तो परत पाठवायचो. उगाच नाही हं, त्रुटी दाखवून! इथे तारीख नाही, तिथे सही रेषेच्या बाहेर गेलीय, फोटोत कान दिसत नाहीत... लाल पेनानं गोल करायचा, खाली लिहायचं ‘त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा’, की झालं. पहिल्या फेरीत मंजूर झालेला अर्ज माझ्या टेबलावरून एकतीस वर्षांत एकही गेला नाही. एक गेला होता, पण तो माझ्या रजेच्या दिवशी. आणि अशा माणसाला हे लोक चार मिनिटांत हो म्हणतात? ना फोन, ना चौकशी, ना ‘साहेब जेवायला गेलेत’... काहीतरी पाणी मुरतंय की नाही?

बरं, कार्ड मला हौसेला नको होतं. आमची मुलगी परदेशात, तिचे दिवस भरत आलेले. आणि हिचं एकच चाललेलं, बाळ यायच्या आत मी तिथे पोचणार. स्वस्तातल्या विमानात जागा शिल्लक चार, मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत, आणि त्या विमानवाल्यांना तिकिटासाठी कार्डच लागतं, दुसरं काही चालत नाही. मुलगी फोनवर म्हणाली, ‘बाबा, हल्ली लगेच मिळतं. नंबर हातोहात देतात, कार्ड मागाहून येतं. फक्त एक कराल का? कृपा करून शंका काढू नका.’ पोटची पोर, पण बोलणं बघा.

तर फोनवर ते अभिनंदन, त्याखाली एक हिरवं बटण, ‘स्वीकारा’. ही बाजूला उभी. ही म्हणजे निवृत्त नर्स, आयुष्यभर लोकांना न विचारता सुया टोचलेल्या, ती म्हणाली, दाबा. मी म्हटलं, का दाबू? ती म्हणाली, कारण ते दाबायचं बटण आहे. असं असतं का? मी म्हटलं, आधी हे कळू दे की यांना माझ्यात दिसलं काय.

तुम्हीच सांगा. घरमालकानं मला खोली द्यायला दोन महिने घेतले, आणि दिली तेव्हा म्हणाला, ‘बघू, जमलं तर ठेवू.’ बढती नवव्या वर्षी, तीही वरचा माणूस आजारी पडला म्हणून. अहो, आमचा न्हावी, माझे केस मोजून बावीस उरलेत, तोसुद्धा खुर्चीत बसवायच्या आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. आणि बँक, जिनं मला आयुष्यात एकदाही समोरासमोर पाहिलं नाही, ती चार मिनिटांत? कोण कोणाला हो म्हणतं हो चार मिनिटांत?

याच विचारात जेवणं उरकली, दुपार झाली, तेव्हा शेजारच्या मास्तरांना विचारावं म्हणून गेलो. हे मास्तर भूगोल शिकवायचे, आता दिवसभर वर्तमानपत्र शिकतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘चार मिनिटं? म्हणजे त्यांनी तुमची माहिती आधीच काढून ठेवलेली होती. ते तुमच्या अर्जाची वाटच बघत होते.’ झालं! आता माझी वाट बघणारं या जगात कोण आहे, सांगा? निवृत्त झाल्यापासून दूधवालासुद्धा बाटली ठेवून निघून जातो. मी तडक घरी आलो, फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि हिला म्हटलं, चल, बँकेत जाऊन समक्ष विचारू.

हिनं पर्स घेतली, चपला घातल्या. तुम्हाला सांगतो, बायको वाद न घालता निघाली की तिथेच सावध व्हायला हवं होतं मी. पण माझं सगळं लक्ष बँकेवर!

बँकेत साडेतीन वाजता टोकन घेतलं आणि नंबर लागला पाचला. दीड तास बसलो, तेव्हा जिवाला जरा बरं वाटलं, म्हटलं, ही खरी बँक. काउंटरवर एक तरुण अधिकारीण, तिनं स्क्रीनवर पाहिलं आणि गोड हसून म्हणाली की काका, तुमचं तर मंजूर आहे, अडचण काय आहे? मी म्हटलं, तीच अडचण आहे. कोणी मंजूर केलं? ती म्हणाली, सिस्टिमनं. मी म्हटलं, या सिस्टिमच्या वर कोण बसतं? तिनं वर छताकडे पाहिलं. मी म्हटलं, हे बघा, तुमच्या सिस्टिमनं मला नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, पेन्शन विचारली. माझा स्वभाव विचारला? मी कसा माणूस आहे हे चार लोकांना विचारलं? ती म्हणाली की काका, माझी स्वतःची नोकरीसुद्धा आठ दिवसांत पक्की झाली होती, हल्ली सगळं लवकरच होतं. बघा, म्हणजे तिचीही चौकशी नाही!

मागे रांग वाढत चाललेली, तेव्हा तिनं माझ्या अर्जाची छापील प्रत काढली, माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, तुम्हीच एकदा वाचून खात्री करून घ्या.

आता इथे तिची चूक झाली. माझ्यापुढे अर्ज ठेवायचा नसतो हो... हाताला सवय असते! खिशातून लाल पेन कधी बाहेर आलं, मला कळलं नाही. पत्त्यात मजला लिहिलेला नाही, गोल. वडिलांच्या नावाच्या जागी नुसतं आद्याक्षर, गोल. ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘निवृत्त’. अरे, निवृत्त हा व्यवसाय आहे का? दुहेरी गोल! काय सांगू तुम्हाला, इतका निष्काळजी अर्जदार मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. मला त्याचा राग यायला लागला. खाली झोकात लिहिलं, ‘त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा’, सही ठोकली, तारीख टाकली आणि कागद परत सरकवला. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, तुम्हाला खोटं वाटेल, हाताला कसं मोकळं मोकळं वाटलं.

ती पोरगी कागदाकडे बघतेय, माझ्याकडे बघतेय. ‘काका, ही सही तुमचीच ना? म्हणजे तुम्हीच तुमचा अर्ज नाकारताय?’

आता माघार कशी घेणार? मागे अकरा माणसं ऐकताहेत. मी म्हटलं, नियमाप्रमाणे जे असेल ते करा. तिनं एक कळ दाबली. माझा फोन खिशात थरथरला. ‘आपल्या विनंतीवरून अर्ज रद्द. सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करावा.’ या कामाला मिनिटसुद्धा लागलं नाही. म्हणजे नाही म्हणायलाही यांच्याकडे चौकशी नाही!

आणि मग समोरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. पाच वाजून छत्तीस. सहाला मुदत संपणार. आणि ही? ही तिकडे पंख्याखालच्या बाकावर बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा नातवंडाला हातात घेणार म्हणून गेले तीन महिने लोकर विणत होती बिचारी, आणि मी तिचं तिकीट लाल पेनानं खोडून आलो होतो.  तिला काय सांगायचं, कुठल्या तोंडानं सांगायचं... बाकापर्यंतची ती वीस पावलं माझ्यानं संपता संपेनात.

तिनं वरही पाहिलं नाही. म्हणाली, ‘झाली का छाननी? बसा.’ आणि फोन माझ्यापुढे धरला. मी काउंटरवर त्या पोरीशी हुज्जत घालत होतो ना, तेवढ्यात हिनं बाकावर बसून स्वतःच्या नावानं अर्ज केला होता. तीन मिनिटांत मंजूर. हिरवं बटण दिसलं, दाबलं. तिकिटं काढून झालेली होती. दोन. खिडकीची हिची, मधली माझी.

मला हायसं वाटलं, नाही असं नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण स्वभाव जातो का? मी म्हटलं, ‘तीन मिनिटांत? आणि तुला जरासुद्धा शंका आली नाही, एवढ्या लवकर कोणी हो कसं म्हणतं म्हणून?’

ती पर्सची चेन लावत शांतपणे म्हणाली, ‘आमच्या मामांच्या घरी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला हो म्हणायला दोन मिनिटंही लागली नव्हती. तेव्हासुद्धा तुम्ही अडीच महिने चौकशी करत फिरलात, एवढ्या लवकर हो का म्हणाली म्हणून.’

आता हे खरं आहे. फिरलो होतो. तिच्या इस्पितळातसुद्धा जाऊन आलो होतो. आणि खरं म्हणजे त्या चौकशीत तेव्हाही काही हाती लागलं नव्हतं. म्हणून म्हटलं, आलाच आहे विषय, तर समोरासमोर विचारून घ्यावं. मी विचारलं, ‘मग का म्हणाली होतीस?’

ती उठली, पदर सारखा केला आणि दाराकडे चालायला लागली. ‘ते कारण मलाही अजून सापडलेलं नाही,’ म्हणाली.

तर तुम्हाला सांगतो, पुढे मी एक अक्षर विचारलं नाही. गपचूप घरी आलो आणि बॅगा माळ्यावरून काढल्या. नको हो... उगाच शोधायला बसली आणि काही सापडलंच नाही, तर या वयात मी पुन्हा अर्ज कुठे करू?