मंगळवारची नोंद

उमरग्यात डोळ्यांच्या दवाखान्यात मच्छिंद्र गुरुजी नंबरची वाट बघत होते. शेजारी एक मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. तिच्या ऑफिसातला मुलगा तिला शोधत आला आणि बाकावर टेकला.

"श्रावस्ती, तुझ्या आईची तपासणी होईस्तोवर माझ्या कोडला मंजुरी दे. एवढासा तर बदल हाय."

"एवढासा? फायरवॉलचे नियम कुठल्या कॉम्प्युटरवरनं बदलले, ती नोंदच ह्या कोडनं काढतोयस तू, गौरीशंकर."

"नोंदी लई फुगल्यात."

"अन् जुन्या नोंदींतूनबी पुसणार?"

"सगळं एकसारखं दिसावं म्हणून."

"आपण सगळे एकाच पासवर्डानं आत जातो. चिठ्ठी चिकटवलीय स्क्रीनला. नोंदीत नाव सगळ्यांचं एकच पडतंय. कॉम्प्युटरचा नंबरबी गेला, तर उरलं काय?"

"तू मास्तरीण हायेस का?"

"मंगळवारी कुणीतरी फायरवॉल उघडा ठेवला, बाहेरचे चोर आपल्या कॉम्प्युटरांत शिरले. आज बारा वाजता साहेब प्रीतीला कामावरनं काढणार, ड्युटी तिची होती म्हणून."

"मग तिनंच केलं आसंल."

"मंगळवारच्या नोंदीतला कॉम्प्युटरचा नंबर वाचू का मोठ्यानं?"

"हळू बोल की. लोक ऐकतेत."

"सकाळीच वाचलीय म्या. तू सांगशील म्हणून थांबलेय."

"माझी नोकरी जाईल, श्रावस्ती."

"व्हय. आत्ता तिची चाललीय."

"मच्छिंद्र गुरुजी, आत या," नर्सनं हाक मारली.

"पुढच्याला घ्या, बाई. मला घाई न्हाय."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी होती. मुलानं फोन कानाला लावला.

"साहेब, प्रीतीला आत बोलवू नका. आधी माझं ऐका."